शेपूतला मासा

ती. आईस,

नॉर्वेहून क्रांतीचा वाकून नमस्कार. मी बरी हाय, थंडीची काळजी करू नगंस.

मी सांभाळती त्या इंग्रिड आजींनी कालपतुर तोंडात काई घेतलं न्हवतं. मग त्यांच्या आवडीचा मासा केला. ना मसाला, ना फोडणी. ट्रेमधी मासा ठेवायचा, वर लोणी, मीठ, लिंबू आन् आपला शेपू घालायचा, की ओव्हनमधी सारायचा. तू म्हनली असतीस, "ह्यो तर आजाऱ्याचा सैपाक!" पन घरभर लय ग्वाड वास सुटला.

काटं काढून एकेक घास भरवला. म्हातारी सगळं जेवली आन् हात धरून म्हनली, "पोरी, तुजी आई नशीबवान हाय."

आई, मला मान वर करता आली न्हाई. तुजा हात प्लास्टरात, आन् मी दुसऱ्याच्या आईला भरवतीय. रजा मिळाली, पन पुढच्या म्हैन्यात. तवर तुजं प्लास्टर निघालेलं असंल.

मंगलकाकी डबा देती म्हनतीस. खरं सांग, भाकरी कोन थापतंय? आन् तुजी वेणी कोन घालतंय?

तुजीच,
क्रांती