पाटणचे धक्के आणि सांगलीचा कॉम्प्युटर

५ नोव्हेंबर १९७९, सोमवार
कॉलेजात कॉम्प्युटर आला आहे. आजपासून शिकायचा. टाइपरायटरसारख्या यंत्रावर इंग्रजीत हुकूम द्यायचा, उत्तर खडखडत कागदावर येतं. हुकूम थोडेच आहेत. आठवड्याचं काम. पुलाच्या खांबांचं गणित नाताळपर्यंत संपेल, मग पीएच.डी. खिशात.

६ नोव्हेंबर
हुकूम चुकला की यंत्र प्रश्नचिन्ह छापतं. आज कागदभर प्रश्नचिन्हं. यंत्र सदोष असावं.
फिजिक्सच्या शकुंतलाबाई आधी मॅन्युअल वाचतात, मग टाइप करतात. आत्मविश्वास कमी, दुसरं काय.

९ नोव्हेंबर
बाईंचं काम कळलं. त्यांचे वडील पाटणला मास्तर होते. बारा वर्षांपूर्वीच्या भूकंपात बाईंची आई भिंतीखाली गेली. तेव्हापासून मास्तरांनी प्रत्येक धक्का लिहून ठेवला : वेळ, टांगलेला कंदील किती हलला, सगळं. आता डोळे गेलेत. कागदांचा वाळवीने भुगा झाला. त्याआधी वाचता आले तेवढे बाईंनी भोकं पाडलेल्या कागदी टेपांवर घेतले आणि यंत्रात भरले. मास्तर दर खेपेला विचारतात, "यंत्र काय म्हणतंय?"
ऐकून वाईट वाटलं. मदत करायचं ठरवलं.

१० नोव्हेंबर
मदत म्हणून खोली आवरली. टेपांची खोकी पडली होती. सगळं यंत्रात असताना ती कशाला? शिपाई ज्योतिबाला म्हटलं, कचरा घेऊन जा.

१३ नोव्हेंबर, मंगळवार
माझा प्रोग्रॅम साठवला जाईना. यंत्र म्हणतं जागा नाही. मॅन्युअल उघडलं : स्टार म्हणजे सगळं. डिलीट लिहून स्टार दिला. सगळं म्हणजे माझंच, उघड आहे. यंत्राने विचारलं, नक्की? कचरणं माझ्या स्वभावात नाही. होय म्हटलं.
जागाच जागा झाली. हुकूम जमू लागले.

१४ नोव्हेंबर
सगळं म्हणजे सगळ्यांचं.
ही यंत्र बनवणाऱ्यांची चूक. टेपा आहेतच, असं बाई म्हणाल्या. मी ज्योतिबाला गाठलं.
"आवं सायेब, तुमीच म्हनला न्हवं कचरा हाय? बंबात घातल्या. लय झ्याक पेटल्या."
बाई ऐकत होत्या. खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि गेल्या.

१५ नोव्हेंबर
माफी इंग्रजीत मागावी की मराठीत? मसुदा केला. चूक नेमकी माझी ठरत नाही, असा ठेवला आहे.
बाई रजा टाकून पाटणला गेल्या.

२६ नोव्हेंबर
बाई आल्या. मसुदा खिशातच राहिला. मास्तरांना सांगितलंत का, एवढंच विचारलं.
"नाही, विष्णुपंत सर. यंत्र अजून हिशेब करतंय, असं सांगितलं."
"मग?"
"म्हणाले, करू दे सावकाश. धक्के फार होते गं."
दुपारभर यंत्र मोकळं होतं. मी समोर बसलो. एकही हुकूम दिला नाही.