तपकिरी कोट

४ जानेवारी

चि. सौ. धाकटीस अ. आ.

तुझं पत्र पोचलं. माझ्या गुडघ्याचं विचारलंस. तो माझ्याआधी निवृत्त होणार असं दिसतं. आमच्या गुप्तवार्ता खात्याचा इतिहास लिहायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलंय. म्हणून जुन्या माणसांना गाठून आठवणी ऐकत असतो.

काल एक म्हातारे गृहस्थ भेटले. तरुणपणी ते लोकांवर पाळत ठेवत. पाळी बदलताना बोट दाखवायचं नाही, नाव घ्यायचं नाही, येणाऱ्याच्या जवळून जाताना फक्त कपडा सांगायचा, अशी त्यांची रीत. एकदा ते ज्याच्या मागावर होते तो माणूस एका शिंप्याच्या दुकानात शिरला. हे पाळीवर आलेल्याला ‘तपकिरी कोट’ एवढं पुटपुटून घरी गेले. त्या माणसाने कोट अस्तर शिवायला दिला आणि नुसत्या सदऱ्यावर निघून गेला. संध्याकाळी शिंपी तोच कोट अंगात घालून पोचवायला निघाला. नवा पहारेकरी कोटामागे. मग दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक कटातलं ठरलं आणि शिंप्याला उचललं.

म्हातारे हसत सांगत होते. मी दुकान कुठलं ते विचारलं. धाकटे, तो शिंपी म्हणजे आपल्या गल्लीतले शिंपीकाका.

हे मी इतिहासात लिहिणार. मुलांना आशीर्वाद.

तुझा दादा

१२ जानेवारी

ती. दादास सा. न.

पत्र दोनदा वाचलं. काका सुटून आल्यावर गल्लीने त्यांना साधं बटणसुद्धा लावायला दिलं नाही, आठवतं ना? दुकान उघडून ते दिवसभर रिकामे बसत. अजूनही लोक म्हणतात, काहीतरी केलंच असेल, उगाच कोण नेतं?

काका तो डाग घेऊनच गेले, आता काकूंनीही अंथरूण धरलंय. मी जाऊन वेणी घालून देते. तुझ्या लिहिण्याचा वेग मला ठाऊक आहे, पण या वेळी रेंगाळू नकोस. त्या असेपर्यंत छापून येऊ दे.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी धाकटी

३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अ. आ.

साहेबांनी ते पान काढून टाकलं. इतिहास वाचून नव्या पोरांची मान ताठ व्हायला हवी, खाली जायला नको, असं म्हणाले. शिवाय गुप्ततेच्या शपथेची आठवण दिली. बाहेर बोललो तर नोकरी गेली.

शपथ देवाच्या नावाने घेतली होती, म्हणून सकाळी त्याच्याचपुढे बसलो. मनाशी काही ठरेना. गप्प राहायची शपथ घेतली होती, पण निर्दोष माणसाला दोषी राहू द्यायची घेतली होती का?

रविवारी येतो. काकूंच्या कानात तेवढं सांगतो. कुणाला कळायला नको. हे पत्र आमच्या खात्यातल्याच कुणी फोडलं, तर त्यानेही वाचावं.

दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

तू कानात सांगितलंस आणि चहाही न घेता स्टेशन गाठलंस. मला वाटलं, काकू आता रडतील. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, तुझा दादा भला आहे गं, पण वाट चुकला. ते निर्दोष होते हे मला कधी कुणी सांगावं लागलं नाही. ज्यांना सांगायला हवं ते सगळे बाहेर गल्लीत राहतात.

मी त्यांची उशी नीट करून घरी आले. तुझी नोकरी, वहिनी, मुलांची शिक्षणं, सगळं मला दिसतंय. म्हणून काहीच मागत नाही. फक्त त्या म्हणाल्या ते कळवते.

तुझी धाकटी

२० फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अ. आ.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. तिने माझा इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. काकूंची खाट दारापाशी आणून ठेव, त्यांना सगळं ऐकू गेलं पाहिजे. गल्लीतल्या घरोघरी निरोप दे. कशाला बोलावलंय असं विचारलं, तर शिंपीकाकांबद्दल आहे म्हणून सांग. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून मोठ्याने बोलणार आहे.

तुझा दादा