काट्यावर एकशे पंधरा

॥ श्री ॥

चऱ्होली,
१० सप्टेंबर २०२५

ती. चिमाजीकाकांस,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बाळूभाऊंच्या हाती देतेय. ते चालवतात ती कंपनीची बस सकाळी रहाटणीहून तुमच्या कोपऱ्यावरनं सुटते आणि महाळुंग्याला आमच्या गेटवर येऊन थांबते, त्यामुळे पोस्टापेक्षा लवकर पोचेल. फोनचा उपयोग नाही. मागच्या खेपेला मी तुमची तब्येत विचारली आणि तुम्ही मला काकूंच्या तुळशीची सांगितलीत.

काम असं आहे. गेल्या वर्षी मी जुनी स्पोर्ट्स कार घेतली, दोन सीटांची. आप्पा म्हणतात की तिच्यात कांद्याचं एक पोतंसुद्धा मावत नाही, आणि ते खरं आहे. मी ती गोठ्यात लावते. सर्जा बैल गेल्यापासून गोठा रिकामाच होता. आता आप्पांना नवा खोंड आणायचाय आणि जागा एकच आहे. त्यांचं म्हणणं, या गोठ्यात आजोबांपासून बैलगाडा शर्यतीत बारीला पळणारं जनावरच उभं राहिलंय. तेव्हा गाडी शून्यापासून शंभरपर्यंत आठ सेकंदांच्या आत गेली तर राहील, नाहीतर दिवाळीआधी विकायची. घड्याळ त्यांचं, शर्यतीच्या घाटातलं. मी भरात हो म्हणून बसले. रविवारी वेळ घेतली तर आठ पॉइंट सहा.

इंजिनात खोट नाही. मागच्या डिफरन्शियलमधली क्राऊन-पिनियनच्या दातेरी चाकांची जोडी लांब पल्ल्याची आहे, एक्केचाळीस दातांना अकरा. भोसरीत एक जण वर्कशॉप बंद करतोय, त्याच्याकडे याच गाडीची कोरी जोडी मिळाली, त्रेचाळीसला दहा. बसवायला कुणीही बसवेल, पण नीट जुळवायला तुमच्याशिवाय कोण आहे? चौतीस वर्षं तुम्ही कंपनीत तेच केलंत.

आप्पांना तुमचं नाव सांगितलेलं नाही. तुमच्या दोघांच्या भांडणात मला पडायचं नाहीये. पण काका, ही गाडी गेली तर मला फार लागेल. आयुष्यात स्वतःच्या मनाने घेतलेली ही एकच गोष्ट आहे. बाकी सगळं घरच्यांनी निवडलंय, अगदी चष्म्याची फ्रेमसुद्धा.

काकूंना नमस्कार. माया आहे तेवढीच ठेवा, जास्त मागत नाही.

आपली,
तनुजा

---

रहाटणी,
१४ सप्टेंबर २०२५

चि. तनुजास,
चिमाजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. बाळूने ते डब्याखाली ठेवलं होतं म्हणून त्याला मटकीचा वास आहे. वाचता आलं.

तुझा विचार बरोबर आहे. आपला घाट केवढा, तर एका दमाचा. तिथे पुण्यापर्यंत पळणारा बैल कामाचा नसतो, पहिल्या वीस पावलांत उसळी घेणारा लागतो. आता मागचं चाक एकदा फिरायला इंजिनकडचा दांडा पावणेचार वेळा फिरतो. नव्या जोडीने चार पॉइंट तीन वेळा फिरेल. म्हणजे चाकाला पंधरा टक्के जोर जास्त. याचा मोबदला असा की हायवेला इंजिन ओरडत राहील आणि पेट्रोल पिईल. तुला ते चालणार असेल तर माझी ना नाही. सगळं डिफरन्शियल उतरवून पोत्यात घाल आणि बाळूकडे दे. जोडीच्या दोन्ही नगांवर एकच नंबर कोरलेला आहे का, ते आधी बघ. ते दोघं एकमेकांवर घासून तयार केलेले असतात, त्यांची ताटातूट चालत नाही.

भांडणाचं म्हणशील तर माझं दादाशी भांडण नाही. दादाचं माझ्याशी आहे. दोन हजार तेराच्या यात्रेत घड्याळ माझ्या हातात होतं. बारा सेकंदांच्या आत येणाऱ्याला पहिला नंबर होता. दादाची बारी बारा पॉइंट शून्य चार झाली आणि मी तेच सांगितलं. चार चौघांत दादा म्हणाला की कंपनीत राहून माझा अंगठा जड झालाय. त्यानंतर बोलला नाही. अंगठा जड नव्हता.

लोभ वाढव म्हणत नाही, तू आहे तोच नीट सांभाळतेस.

तुझा,
चिमाजीकाका

ता. क. काकू सांगते आणि मी लिहितो. पितृपंधरवडा चालू आहे, नवं लोखंड या दिवसांत उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. पोतं घट बसल्यावर पाठव. आधी आलं तर ती ते पार्किंगमध्ये ठेवेल, तिथे वॉचमन त्यावर बसतो.

---

रहाटणी,
४ ऑक्टोबर २०२५

चि. तनुजास अनेक आशीर्वाद.

पोतं काल परत पाठवलं आहे. मिळालं असेल. उशीर झाला त्याची हकिकत अशी.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मी बाल्कनीत पिनियन बसवलं, क्राऊन बसवला, डायल लावून बघितलं, आकडे सगळे जागेवर. काम झालं म्हणून झाकून ठेवलं. खंडेनवमीला तुझ्या काकूने, मंजुळेने, घरातली हत्यारं पूजेला मांडली. त्यात माझे पाने, विळी, मिक्सर, आणि हे डिफरन्शियल. हळद-कुंकू वाहायचं तर तिने हात राखला नाही. तेलकट दातांवर कुंकवाचा लेप बसला. मी चिडलो. साफ करायचं म्हणून हाताने फिरवलं आणि बघतो तर कुंकू दातांच्या मुळाशी पुसलं गेलेलं, मध्यावर जसंच्या तसं. म्हणजे पिनियन जास्त आत बसलं होतं. कंपनीत हेच बघायला आम्ही दातांना रंग लावायचो. या वेळी मी लावला नव्हता. आकड्यांवर भरवसा ठेवला. असंच बसवलं असतं तर चार दिवसांत दात गेले असते.

पुन्हा खोललं, आतली एक पातळ चकती काढली, पुन्हा कुंकू लावलं. आता बरोबर दाताच्या मध्ये पुसतं. मंजुळा तेव्हापासून घरात इंजिनिअर असल्यासारखी वावरते.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. माझे हात आता थरथरतात. पाना मंजुळेने धरला, मी नुसतं सांगत होतो. ऐकू येत नाहीच. पण हाऊसिंगवर, बाहेरच्या कवचावर, तळवा ठेवून फिरवलं की दात गोड चालतात का खरखरतात ते अजून कळतं. कळलं तेव्हा बरं वाटलं.

आता नीट वाच. तुझ्या गाडीचा स्पीडचा काटा गिअरबॉक्सवरून चालतो, चाकावरून नाही. मागची जोडी बदलली हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो यापुढे पंधरा टक्के जास्त दाखवणार. काट्यावर शंभर असेल तेव्हा गाडी खरी सत्त्याऐंशीने चाललेली असेल. खरे शंभर हवे असतील तर काटा एकशे पंधरावर आला पाहिजे. तिथे कागदाची पट्टी चिकटव. मी सांगितलं असं दादाला सांगू नकोस, नाहीतर तो मुद्दाम शंभरच धरेल.

दसऱ्याला दादा सोनं द्यायला आला नाही. येणार नव्हताच, तरी आपट्याची पानं काढून ठेवली होती.

ख्यालीखुशाली कळवत जा, आमचं तुझ्या कागदावरच भागतं.

तुझा,
चिमाजीकाका

---

चऱ्होली,
८ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

डिफरन्शियल बसवलं. काय गाडी झालीय काका! क्लच सोडला की मान मागे जाते. तुमचे आणि काकूंचे पाय धरावेसे वाटले. कुंकू अजून हाऊसिंगला आहे, ते मी पुसणार नाही.

काट्याचं तुम्ही म्हणता तसंच आहे, मोबाईलच्या जीपीएसने पडताळून पाहिलं. आणि म्हणूनच हे लिहितेय. मी एकटीने दोनदा वेळ घेतली. काट्यावरच्या शंभरपर्यंत सात पॉइंट एक. खऱ्या शंभरपर्यंत आठ पॉइंट दोन.

मी पट्टी चिकटवणार नाहीये. आप्पांनी शंभर म्हटलं होतं, काटा शंभर दाखवेल. त्यांनी हिशेब विचारला नाही, मी सांगणार नाही. मी दिवसभर कंपनीत मोजमाप खात्यात बसते, लोकांचे नग केसभर चुकले म्हणून परत पाठवते, तेव्हा मला उपदेश करू नका. रविवारी सकाळी बिल्डरच्या रिकाम्या प्लॉटिंगमधल्या सरळ रस्त्यावर बारी आहे. आप्पा शेजारी बसणार, घड्याळ हातात.

रागावलात तरी लोभ तोडू नका.

तनुजा

---

रहाटणी,
१० ऑक्टोबर २०२५

चि. तनुजास आशीर्वाद.

उपदेश करत नाही. गाडी तुझी, काटा तुझा. घाटात एकदा खरं सांगून मला बारा वर्षं भाऊ मिळाला नाही, तेव्हा मी कोणत्या तोंडाने सांगू?

बाकी सर्व ठीक. काकूच्या गुडघ्याला बरं आहे.

तुझा,
चिमाजीकाका

---

चऱ्होली,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

गाडी गेली. म्हणजे अजून गोठ्यात उभी आहे, पण जाणार.

आप्पा सकाळी फेटा बांधून आले. फेट्यासकट आत मावेनात म्हणून तो काढून मांडीवर घेतला. मी सुटले. काटा शंभरला टेकला आणि त्यांनी बटण दाबलं. सात पॉइंट एक. काका, ते ओरडले. सर्जा गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की अजून दुखतंय. म्हणाले, खरी माझ्या रक्ताची आहेस, बारी मारलीस.

मला तिथेच गप्प बसायचं होतं. तोंड मिटून बसलेसुद्धा. पण ते घड्याळ उपरण्याने पुसत होते, तेच घाटातलं घड्याळ, आणि मला तुमचा अंगठा आठवला. तुमचा असा राग आला म्हणून सांगू! सांगून टाकलं. काटा खोटा आहे, खरे शंभर एकशे पंधरावर, पुन्हा पळवू. पुन्हा पळवली. आठ पॉइंट दोन.

आप्पांनी घड्याळ खिशात घातलं. गोठ्यापाशी उतरले आणि काट्याचं मला कुणी सांगितलं एवढं विचारलं. मी तुमचं नाव घेतलं, डिफरन्शियलचंही सांगितलं, कुंकवाचंही, हात थरथरतात, ऐकू येत नाही, तळव्याने दात कळतात तेही. चुकलं असेल तर क्षमा करा. त्यांनी फक्त विचारलं, चिमाला ऐकू येत नाही हे कधीपासून.

मी संध्याकाळपर्यंत रडले. चूक केली असं वाटत नाही, पण फार वाईट वाटतंय.

तुमच्या लोभाची आज जरा जास्तच गरज आहे.

तनुजा

---

चऱ्होली
१४ ऑक्टोबर

चि. चिमाजीस,
अर्जुनदादाचा आशीर्वाद.

मी कागूद लिवत न्हाई हे तुला ठाव हाय. पोरीला न सांगता बाळूकडं दिलाय.

ठरल्याप्रमाणं गाडी इकली. आठाच्या आत गेली न्हाई, शब्द तो शब्द. गिऱ्हाईक मीच. चालवायला तनुजाला ठिवली हाय. खोंडाचं पुढल्या साली बघू.

पोर हरत हुती तरी खरं बोलली. सात पॉइंट एक म्हनून मी नाचत हुतो, ती गप बसली असती तर मला जन्मात कळलं नसतं. असं आपल्या घरात आजून एकानं केलं हुतं. तवा मी त्याला चार चौघांत घालून पाडून बोललो. बारा पॉइंट शून्य चार. घड्याळ बरोबर हुतं, चिमा. मला तवाच दिसलं हुतं.

गाडीला मागनं बारीक आवाज येतोय, आसं पोर म्हनती. मला न्हाई वाटत, पर तू यून बघ. तुला ऐकू येत न्हाई ते कळलं. तळवा ठिवून बघ. मंजुळेला बी आन, कुकू तिनंच लावावं.

दर दसऱ्याला तुज्या नावाची आपट्याची पानं काडून ठिवतो. बारा सालांची हायती. तेवडी घिऊन जा, देवघरात आता जागा न्हाई.

तुजा,
दादा