मी काढलेलं कुलूप

४ मार्च, सोमवार

‘ड्रायव्हर, गुडघा काय म्हणतोय? कंडक्टर, डोळ्यांत थेंब घातलेस का? स्टोअरकीपर, साखर उतरली का रे? बाई, कंबर कशी आहे?’ — सकाळी गप्पांची खोली उघडली की एकेकाची अशी हजेरी घेतो. डेपोतून निवृत्त झालेले आम्ही पाच. पाचांची गावं पाच. यंत्रं म्हणजे डेपोने भंगारात काढलेले कॉम्प्युटर, मीच खटपट करून उठवलेले. चित्रं नाहीत, आवाज नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बस्स!

गेल्या महिन्यात कुलूपही बसवलं. दोघांचं बोलणं दोघांतच राहतं, मधे कुणाला वाचता येत नाही. टायपिस्टबाईंसाठी शिकलो. म्हणाल्या, ‘वायरमनदादा, सगळ्या डेपोसमोर रडायचं का मी?’ मग बाकीच्यांनाही हवं झालं! कुलूप लावताना समोरचा तोच आहे ना, हे प्रश्न विचारून पटवायचं असतं. ड्रायव्हरला विचारलं, पंपावरच्या कुत्रीला आपण काय म्हणायचो? ‘मॅनेजरीण!’ इतका हसलो की चहा सांडला.

५ मार्च, मंगळवार

शी!

खोलीत कंडक्टर लिहितो — ‘गुडघ्याला जप रे बाबा.’ त्याच मिनिटाला माझ्याकडे कुलपातून — ‘गुडघा कसला, ह्याचा आळस दुखतोय.’ आणि ड्रायव्हर कुलपातून — ‘कंडक्टरचे डोळे म्हणे! सुनेकडे बघायला बरे चालतात.’ असं लिहवतं तरी कसं? चाळीस वर्षं एका डब्यातलं खाल्लं ह्यांनी! मोरीचा बोळा काढला की तुंबलेलं वर येतं ना, तसं एकेका खिडकीतून वर येतंय. आणि बोळा मीच काढून दिलेला.

७ मार्च, गुरुवार

आज बाई कुलपातून आल्या. मुलाने घर विकलं. रविवारी त्यांना घेऊन जाणार. कुठे, ते सांगत नाही. स्वतःकडे, की म्हाताऱ्यांना ठेवतात तिथे? बाईंचा फोन त्याच्या खिशात. यंत्र न्यायचं नाही, ‘जागा अडवतं’ म्हणे.

‘दादा, पत्ता हाती लागला की निघण्याआधी इथेच टाकते. फक्त तुम्हाला. त्या तिघांना कळलं तर माझं हसं होईल.’

‘टाका. मी येतो. दोन बस बदलाव्या लागल्या तरी येतो.’

‘येताना पेपर आणा. तिथे देतील की नाही, देव जाणे.’

मुलाचा नंबर मागितला. नको म्हणाल्या. चिडतो. आईने पत्ता विचारला म्हणून चिडणारा मुलगा! लहान असताना डेपोत यायचा, माझ्या स्टुलावर बसून वायरी सोलायचा. जेवण गेलं नाही.

८ मार्च

बाई नाहीत. सामान बांधत असतील.

९ मार्च, शनिवार

हद्द झाली. बाईंचं घर विकल्याचं स्टोअरकीपरला कुठून कळलं, कोण जाणे. कुलपातून विचारतो — ‘वायरमन, म्हातारी नव्या जागी किती टिकेल? मी म्हणतो दिवाळी बघत नाही. लावतोस पैज?’ पाच मिनिटांत तेच ड्रायव्हरकडून. म्हणजे ह्यांचं आपसात ठरलेलं! वर कंडक्टर उघड्या खोलीत — ‘बाई दिसत नाहीत, काळजी वाटते.’

किळस आली. अंगावर पाल पडावी तसं झालं. ही घाण ह्यांची, पण नळ माझा! उठलो आणि माझ्या यंत्रातून ते कुलूप मुळासकट उपटलं. किल्ल्या पुसल्या. खोलीत मोठ्या अक्षरांत लिहिलं — ‘आजपासून कुलूपबिलूप बंद. बोलायचं ते चारचौघांत बोला. लाज वाटत असेल तर बोलू नका.’

हात साबणाने धुतले. बाई तेव्हा खोलीत नव्हत्या. पण कुलूप काढलं म्हणजे दार उघडंच. त्या लिहितील ते सरळ दिसेल. पोटभर जेवलो.

१० मार्च, रविवार

सकाळी बाई आल्या. माझ्याच खिडकीत. तीन ओळी — नुसता अक्षरांचा चिवडा! ना आगा ना पिछा.

कुलूप माझ्या बाजूचं निघालं. त्यांच्या बाजूचं लागलेलंच. वायर एका टोकाला तोडली की दुसऱ्या टोकाला कळत नाही, हे मला कुणी शिकवायला हवं?

‘बाई, वाचता येत नाही! उघडं लिहा!’ — लिहीपर्यंत खाली ओळ आली, बाई खोलीतून गेल्या.

दिवसभर बसलो. कुलूप पुन्हा बसवलं. नवी किल्ली जुन्या कुलपाला लागत नाही. पुसलेली परत येत नाही. त्या तीन ओळी तशाच समोर. त्यात पत्ता आहे. बाईंना वाटतंय, मला मिळाला.

१२ मार्च, मंगळवार

उघड्या खोलीत लिहिलं —

‘ड्रायव्हर, कंडक्टर, स्टोअरकीपर, बाईंना कुठे नेलं, कुणाच्या कानावर आलंय का? ऐकीव असलं तरी चालेल. वाईटसाईट असलं तरी चालेल. उघडं सांगा, कुलपातून सांगा. पण लवकर लिहा रे.’