पपांचं दोनदा उमटलेलं नाणं

गास, ८ जानेवारी २०२५

लाडक्या फेलिशियास, दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर मला हल्ली निम्मंच ऐकू येतं, म्हणून पत्र. जावयाच्या हाती पपांचं पितळी वीस पैशांचं नाणं पाठवलंय, ते कमळाचं. नाताळात जेवणं झाली की पपा भिंग काढायचे आणि दोनदा उमटलेलं साल आपल्याला दाखवायचे, आठवतं? मामा खो खो हसायचे. तरी पपा सांगत राहिले, की ही टाकसाळीची चूक आहे, लाखात एक.

या महिन्यात चर्चच्या सणाला हॉलमध्ये जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. तू माणिकपूरच्या नाणेवाल्यांत ऊठबस करतेस, तर ‘दुर्मीळ’ अशी चिठ्ठी तुझ्या सुबक अक्षरात लिहून दे. एकदा तरी लोकांनी पपांना खरं मानावं गं. नाणं वेदीवरच्या पितळेसारखं चिंचेने लख्ख घासलंय.

लोभ आहेच, त्यात भर घाल.
तुझा दादा, लुईस

माणिकपूर, १३ जानेवारी

प्रिय दादास, सप्रेम वंदन.

चिंच! आमच्या नाणेवाल्यांतल्या ॲन्सेल्म सरांनी कपाळावर हात मारून घेतला. जुनं नाणं कोणी घासतं का, वेड्या?

आता मन घट्ट कर. नाणं छापायचा ठसा घडवतानाच नक्षी दोनदा उमटली, तर दुसरा आकडाही पहिल्यासारखाच गोलसर, उठावदार येतो. तेच दुर्मीळ. ठसा झिजला तर आकडे नुसते फुगतात. आपल्या नाण्यावरचा दुसरा आकडा बुटका आणि सपाट आहे, मूळ आकड्याची कड दबून पायरीसारखा झालेला. म्हणजे छापताना सैल ठसा हलला. असं पुष्कळदा होतं. सरांचंही तेच मत पडलं.

दादा, मला रडू आलं. पण पपांच्या नावावर खोटं मी लिहिणार नाही. नाणं परत पाठवतेय. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी फेलिशिया

गास, २७ जानेवारी

लाडक्या फेलिशियास, अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. त्या दिवशी जेवलोही नाही. मग वाटलं, पपांनी दिसलं तेच सांगितलं. चिठ्ठी मीच लिहिली: ‘छापताना ठसा हललेलं साधं नाणं. आमचे पपा ॲलिस्टर यांनी जन्मभर जपलेलं.’

प्रदर्शनात मामांचा सॅमी आला होता. मला वाटलं, बापासारखा हसणार. तो चिठ्ठी वाचत नाण्यापुढे उभा राहिला. म्हणाला, की त्याच्या वडिलांनी मागे काहीच ठेवलं नाही, घड्याळसुद्धा नाही. मग त्याने विचारलं, ‘हे नाणं जरा हातात घेऊ का?’ मी दिलं. पपा असते तर त्यांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नसतं, म्हणून मी घरी घेऊन आलो. पपांच्या खुर्चीवर बसवला.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा दादा, लुईस