शंकांचा साठा

४ जून
छत्रीवाली आज पुन्हा हजर! ऊन असो नसो, छत्री काखेत असतेच. मिशनने तिला सातासमुद्रापलीकडून धर्मप्रचाराला धाडलं आणि ती येऊन धापा टाकते आमच्याच जिन्यावर. आमची भाषा मात्र छान बोलते हं.
सूनबाई कानाशी कुजबुजली, "आई, जपून. बाटवतील तुम्हाला!"
मला? जन्मभर नववीच्या पोरांना पुरून उरले मी!

९ जून
तिची रीत ओळखली. आधी मैत्री, मग येशूची गोष्ट, शेवटी हळूच— "काकू, तुम्हाला काय वाटतं?" अगदी पाठाचं टाचण! शिकवते कुणाला, तर निवृत्त शिक्षिकेला!
मीही एक तिरकी शंका काढली. बिचारी उत्तर शोधायला गेली. म्हणजे उद्या येणार. वा!

१७ जून
'हो' म्हटलं, तर ती पुढच्या घरी जाणार. 'नाही' म्हटलं, तरी पुढच्याच घरी. शंका आहे तोवर चहाला सोबत आहे.
हे गेल्यापासून माझं बोलणं या घरात कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही. ती ऐकते. सवय लागली मला तिची, दुसरं काय!

२६ जून
शंका संपत आल्या! दाढ दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांना म्हटलं, "देवाधर्मावरची एखादी शंका उसनी द्या हो."
"काकू, आधी तोंड उघडा."

२ जुलै
संकट! तिचे थोरले पाद्री येणार. एवढं फिरून एकही माणूस वळला नाही, म्हणून तिला दुसऱ्या गावी हलवायचं घाटतंय. सांगताना डोळे भरले पोरीचे.
खोटंच 'हो' म्हणून टाकावं का? पण ते तिच्या देवाशी खोटं. तेवढी निर्ढावलेली नाही मी.

५ जुलै
थोरले आले. माणूस गोड, पण भलताच हुशार. माझ्या सगळ्या शंका एका बैठकीत निकालात!
"आता काय अडचण आहे, ताई?"
मी उगाच बशा आवरायला घेतल्या. तेवढ्यात छत्रीवाली म्हणते, "काकू, तुमची ती मोठी शंका राहिलीच की!"
मोठी? कुठली? पण मीही मुरलेली. म्हटलं, "हो ना! पण ती अशी एका दिवसात सुटायची नाही."
थोरले हसले. "मग राहू दे हिला इथेच, वर्षभर."
काय पण पठ्ठी! आणि मला वाटत होतं, मीच हिला खेळवतेय.

६ जुलै
बिस्किटं पुढे करत विचारलं, "काय गं, माझी ती मोठी शंका तरी कोणती?"
तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मी रोज प्रार्थना करते. वर कुणी ऐकत असेल का, काकू? माझीच आहे ती शंका. तुम्हाला उसनी दिली."
"बोल," म्हटलं. आणि शेवटपर्यंत ऐकलं.