बाबागाडीचं छप्पर

केडगाव,
ता. १२ जानेवारी २०२५

ती. जयाताईस,

कानिफचा नमस्कार. आई बरी आहे, म्हणजे गुडघे सोडून बाकीची बरी आहे. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना, म्हणजे रतनमावशींना, नमस्कार सांग. किंवा नकोच सांगू, कारण मग मावशी विचारणार, नमस्कार आला कुठून. हे पत्र तुझ्या एकटीच्या हातात पडावं म्हणून मी जीपवाल्या छगनला बजावून दिलंय. तो म्हणाला, "फोन हाय की तुझ्याकडं, पत्र कशाला?" मी म्हटलं, अक्षर सुधारतोय. त्याला पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

खरं कारण असं, की तू फोनवर बोलतेस तेव्हा मागं कायम कुणीतरी भांडी लावत असतं. आणि मी काही विचारलं की भांडी थांबतात.

तर बाबागाडी. तू म्हणालीस, ओमसाठी बघ, मामानं द्यायची असते. मामानं पाळणा द्यायचा असतो, तो मी बारशाला दिला. आईनं घेतला, मी नुसता टेम्पोत घालून आणला, पण नाव माझं झालं. बाबागाडी मामानं द्यायची असते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. तरी म्हटलं, बघू.

सध्या मी घोडेगावच्या बाजारात जनावरांच्या टेम्पोवर आहे. शुगर फॅक्टरीचं सोडलं. तिथला मुकादम असा होता की तंबाखू आपली खायचा आणि थुंकायचा आपल्याच, जाऊ दे, ते नंतर. बाजारात एक बरं आहे, माणूस तिथं लवकर शहाणा होतो. म्हैस न पिळता आणतात, म्हणजे कास भरल्यासारखी दिसते. शिंगांना तेल लावतात. आणि ज्या बैलाच्या पायात खोट, त्याला उंच चाऱ्यात उभा करतात, म्हणजे पाय दिसत नाहीत. म्हणून जुनं गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही. आधी म्हणतं, "चालवून दाखव." हे ऐकून ऐकून माझा आता कशावरच विश्वास बसत नाही. काल चहावाल्यानं हसून चहा दिला तरी मी कप उलटसुलट करून बघितला.

नगरात लहान मुलांच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे, तिथं गेलो. एंजल नावाची पोरगी गाड्या दाखवते. तिनं पहिलंच विचारलं, "बाळ कितीचं हाय?"

"अडीच."

"अडीच महिन्याचं? मग ही झोपायची घ्या, सपाट."

"अडीच वर्षांचं."

तिनं ती गाडी परत मागं ढकलली. "मग दादा, गाडी कशाला? ते तर घरात थांबत नसंल. आमच्या शेजारचं तेवढंच हाय, गाडीत घातलं तर गाडीसकट पळतंय."

मी म्हटलं, "आमचंबी लई पळतं."

असं का म्हणालो कुणास ठाऊक. तोंडातून निघालं.

मग मी टेम्पोतून सरकी पेंडीचं अर्धं पोतं आणलं, गाडीत बसवलं, पट्टे लावले आणि दुकानापुढच्या खडीतून फिरवलं. पहिल्या गाडीची चाकं डबीच्या झाकणाएवढी. खडीत रुतली आणि पोतं तोंडावर आलं. दुसरी वळताना ओरडायची. एक म्हातारबाबा सायकल थांबवून बघत होते. म्हणाले, "पेंडीला हवा खायला काढली व्हय?" तिसरी मात्र चांगली निघाली. रबरी मोठी चाकं, दगडावरून अल्लद जाते, पोतं हललं नाही. मी खाली वाकून आस बघितला, पट्टे ओढून बघितले, ब्रेक लावून लाथ मारली. एंजल म्हणाली, "तुमी पयलंच गिऱ्हाईक हाय जे गाडीचे दात बघतंय." भाव चिठ्ठीवर छापलेला. बाजारातल्यासारखं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची सोय नाही, त्यामुळं मालक खरं बोलतोय की खोटं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

तू सांगितलेलं सगळं त्या गाडीत आहे. चाकं मोठी. पाठीला ताठ टेकू. पट्टे कमरेला आणि छातीलाही. आणि छप्पर खोल, पार तोंडावर येणारं.

हे छपराचं तू शेवटी सांगितलंस. आवाज बदलून. आणि त्याच्या आधी भांडी थांबली होती.

एंजल म्हणते छप्पर उन्हासाठी असतं. तुमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरात जानेवारीत कसलं ऊन, धुकं असतं दुपारपर्यंत. बरं, तुमच्या घरापासून डांबरीपर्यंत सगळी दगडांची वाट. तिथं बाबागाडी ढकलायला कोण मागतं? ज्या दिवशी तू मागितलीस त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय.

आणखी एक. ओम पालथा पडला तेव्हा तुझ्याकडून करंज्या आल्या होत्या, त्यातल्या निम्म्या मी खाल्ल्या. आपल्याकडं पोरगं रांगत पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आलं की भोपळ्याचे घारगे वाटतात. ते आले नाहीत. मला वाटलं, मी गावाला असताना आले आणि संपले. आईला विचारलं तर आई म्हणाली, "आले न्हाईत," आणि उठून गेली. गुडघे दुखत असताना उठून गेली.

मग मी आठवायला लागलो. भाऊबीजेला ओम तुझ्या कडेवर. जत्रेत दाजींच्या खांद्यावर. उन्हाळ्यात आलो तेव्हा रतनमावशींच्या मांडीवर, पायांवर गोधडी. मी म्हटलं, सोडा की खाली, खेळू दे. मावशी म्हणाल्या, "फरशी गार लागती त्याला." एप्रिल होता, ताई. कुत्रं सावलीला जीभ काढून बसलं होतं.

मी त्याला जमिनीवर कधी बघितलंच नाही.

राग मानू नको. पोराची आणि जनावराची मी बरोबरी करत नाही. ओम माझ्याकडं बघून "टेंपो, टेंपो" करतो तेव्हा मला दुसरं काही सुचत नाही. पण गाडीत बसलेल्या पोराला कुणी विचारत नाही, चालतो का. त्यात छप्पर तोंडापर्यंत. तू मला उंच चारा आणायला सांगितलायस का?

गाडी मी घेईन. पण आधी सांग. एंजलला म्हटलं, बाजूला ठेव, इसार म्हणून माझी पिशवी ठेवतो. तुला माहीत आहे ना ती पिशवी, जिच्यात माझं सगळं असतं. ती म्हणाली, "पिशवी नको, वास येतोय. तशीच ठेवते."

तुझा, काहीच न पटणारा भाऊ,
कानिफ


ता. अकोले,
१७ जानेवारी २०२५

चि. कानिफ,

अनेक आशीर्वाद. छगननं तुझं पत्र अंगणात उभं राहून, "हे गुपचूप द्यायला सांगितलंय," असं ओरडून दिलं. मी सासूबाईंना म्हटलं, आईच्या गुडघ्यांचा लेप विचारलाय. तेव्हा पुढच्या वेळी लेपाचंही दोन ओळी लिही, त्या विचारतात.

तू नीट ओळखलंस, फक्त माणूस चुकलास. मी लपवत नाही.

ओम चालत नाही. रांगतही नाही. जन्मला तेव्हा उशिरा रडला होता, त्याचं आहे. मी त्याला आमच्या अंगणवाडीच्या ज्ञानेश्वरीबरोबर तालुक्याला दाखवून आणलंय. घरी सांगितलं, डोस द्यायला नेते. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाय आखडलेत, दर मंगळवारी संगमनेरला व्यायामाला आणा, पाठ ताठ राहील असं बसवा, कडेवर लोंबकळत नेऊ नका. चालेल का, म्हटलं. त्या म्हणाल्या, आत्ता सांगत नाही, पण उशीर केला तर नक्की नाही चालणार.

सासूबाई वाईट नाहीत. रात्री त्याच्या पायांना तेल त्याच चोळतात. पण धाकट्या भावजींसाठी मुलगी बघणं चाललंय, आणि घरात असं पोर आहे म्हटल्यावर जमायचं नाही, असं त्यांच्या मनानं घेतलंय. म्हणून तो बाहेर दिसू द्यायचा नाही. मी गाडीचं काढलं तेव्हा आधी नाही म्हणाल्या, मग विचार करून म्हणाल्या, घ्या, पण छप्पर खोल बघा, पाव्हणे आले तर झोपलाय म्हणता येईल. मी लगेच हो म्हटलं. त्यांना गाडी झाकायला हवी आहे, मला बाहेर न्यायला. गाडी एकच आहे ना? पोर आता जड झालंय रे. डांबरीपर्यंत कडेवर नेताना माझी कंबर राहत नाही, नाहीतर मी गाडीसाठी थांबलेच नसते.

ह्यांना सगळं माहीत आहे. हे हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, गोठ्यात जातात.

अठ्ठावीस तारखेचा मंगळवार मला व्यायामासाठी मिळाला आहे. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोरून न्यायचा असं मी ठरवलंय. एकटीनं उंबऱ्यातून गाडी काढली तर घरात काय होईल ते मला माहीत आहे. माहेरचं माणूस बाजूला उभं असलं तर कुणी आडवं येत नाही. तू सगळ्यांवर संशय घेतोस, आता माझा ऐक. तू ठरल्या दिवशी कधी आलायस? माझ्या लग्नाला हळद उतरल्यावर आलास. बारशाला पाळणा आधी आला आणि तू मागून, तोपर्यंत नाव ठेवून झालं होतं. येणार नसशील तर तसं लिही, मी ज्ञानेश्वरीला सांगते. येतो म्हणून येणार नसशील तर लिहूच नको.

छपराचं तू बघ.

तुझी,
ताई


केडगाव,
ता. २३ जानेवारी २०२५

ती. ताईस,

नमस्कार. आधी लेप, म्हणजे तुला वाचून दाखवता येईल: आंबेहळद आणि तुरटी, कोमट करून लावायची. आईला काहीही फरक पडलेला नाही.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाजारातून लाल भोपळा आण, चांगला पिकलेला आण, तू आणतोस तसला पाणचट नको. मी म्हटलं, आज कशाला? म्हणाली, "आज न्हाई, सोमवारी करीन. पोरगं कसंबी उंबऱ्याबाहेर यीना, रांगत नाय तर गाडीत, घारगे वाटायचे. अडीच वर्षं भोपळ्याला हात लावला न्हाई मी." तेव्हा कळलं, आपल्या घरातही सगळ्यांना कधीचं माहीत होतं. मीच सगळ्यांवर नजर ठेवून होतो आणि मलाच काही दिसलं नव्हतं.

दुकानात गेलो. एंजलला सांगितलं, आमचं पळत नाही. ती म्हणाली, "मला तवाच कळलं. पळणाऱ्या पोराचा मामा पट्टे एवढे ओढून बघत न्हाई." तिनं बसायची जागा नीट ताठ करून दिली आणि पायांखाली आणखी एक मऊ गादी लावून दिली. छप्पर काढता येतं का विचारलं. दोन्हीकडच्या खटक्या दाबल्या की निघतं. ती म्हणाली, "अवो, ऊन लागंल की त्याला." मी म्हटलं, "लागू दे. टोपी घेतली हाय."

छप्पर इथं आईच्या पलंगाखाली ठेवलंय. पावसाळ्यात देईन. मावशी विचारतील तर सांग, मामा अडाणी आहे, अर्धीच गाडी घेऊन आला. त्यांना ते लगेच पटेल.

आता माझं. घोडेगावच्या टेम्पोवाल्याला सांगितलंय, मंगळवारी मी नाही. या मंगळवारी नाही आणि पुढच्याही नाही. तो म्हणाला, तुझा काय भरवसा. तो मला ओळखतो. तूही ओळखतेस. मीही ओळखतो, कारण कालच एक ट्रकवाला म्हणाला, नाशिककडं द्राक्षांवर काम आहे, येतो का, आणि माझे पाय आपोआप ट्रककडं वळले होते. म्हणून शब्द देत नाही. शब्द मी लई जणांना दिलेत.

बाजारात शब्दावर कुणी जनावर बाजूला बांधत नाही, इसार लागतो. छगनच्या जीपमध्ये गाडी पाठवली आहे. ती उघडशील तेव्हा दिसेल, बसायच्या जागेवर माझी पिशवी आहे, कमरेचा आणि छातीचा दोन्ही पट्टे लावून. कपडे, पांघरूण, आधार कार्ड, सगळं तिच्यात आहे. ती खांद्यावर नसली की मला कुठंच जाता येत नाही. अंगावर आहे तेवढ्यावर इथं बसलोय, शर्टाला आता खरंच वास येतोय.

वासाकडं लक्ष देऊ नको. पिशवी ओमजवळ ठेव, पण त्याला उघडू देऊ नको, आत विळा आहे.

सोमवारी संध्याकाळी घारगे घेऊन पोचतो. मंगळवारी सकाळी उंबऱ्यातून गाडी तू काढायची, मी फक्त पलीकडं उभा राहीन आणि येईल त्याच्या हातावर घारगा ठेवीन. मावशींच्या हातावर पहिला.

ज्याचं सगळं आता तुझ्याच घरात आहे, तो,
कानिफ